अनुभव धागा: म्युनिकहून एका दिवसात राजवाडे, गड आणि तटबंदीची गावं

इसारकाठ

मे-जून आला की इथल्या मराठी घरांत देशातून आई-बाबा येतात आणि "एखादा कॅसल दाखव ना" ही मागणी ठरलेली असते. मग घाईघाईत कुठल्यातरी सहलीचं बुकिंग होतं, आणि निम्म्या गोष्टी तिथे पोचल्यावर कळतात. म्हणून हा धागा. गाइडबरोबरची एक दिवसाची सहल असो की वाड्यावरच्या गाइडपर्यंत स्वतः जायचं असो, कृपया नेमकं लिहा: अंतर, पायऱ्या, वेळा, कुठे चुकतं आणि का. फोटो नसले तरी चालतील.

पहिली गोष्ट मीच लिहिते, कारण सगळा अपेक्षाभंग तिथूनच सुरू होतो. जर्मनमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. बुर्ग म्हणजे आपला गड: तट, बुरूज, विहीर, कोठार, लढायची सोय. श्लॉस म्हणजे राजवाडा. इंग्रजी जाहिरातीत दोन्हींना कॅसलच म्हणतात. सहलींतला सगळ्यात प्रसिद्ध वाडा नॉयश्वानस्टाइन, तो श्लॉस. त्याची पायाभरणी १८६९ची, म्हणजे बोरीबंदर-ठाणे आगगाडी सुरू झाल्यावर सोळा वर्षांनी. आत गरम हवा खेळवायची व्यवस्था, मजल्यामजल्यावर नळाचं पाणी, टेलिफोनसुद्धा. तो बांधणाऱ्या बव्हेरियाच्या लुडविग दुसरा या राजाला मध्ययुगाचं वेड होतं. पहिले आराखडे नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या क्रिस्टियान यांकने काढले. राजगड-रायगड पाहिलेल्या माणसाला हे आधी सांगून न्या, म्हणजे तो वाडा वाडा म्हणून बघेल आणि त्याला तो मनापासून आवडेल.

वेळेआधी

नॉयश्वानस्टाइनचा सगळा दिवस तिकिटावर छापलेल्या एका वेळेभोवती फिरतो. तिकिटावर गटाचा क्रमांक आणि प्रवेशाची वेळ असते. अंगणातल्या फलकावर तो क्रमांक लागला की तिकीट दाखवून आत जायचं. क्रमांक निघून गेला की तिकीट बाद. दुसऱ्या गटात घेत नाहीत, पैसेही परत मिळत नाहीत. म्हणून दिवस त्या वेळेपासून उलटा मोजा.

खाली होहेनश्वांगाऊ गावात तिकीटघर आहे, वाडा तिथून दीड किलोमीटर वर. वर जायचे तीन मार्ग:

चालत: ३० ते ४० मिनिटं. डांबरी रस्ता, पण सलग चढ. साठीपुढच्या माणसांसाठी ५० धरा.

घोडागाडी: वाड्याच्या थोडं खाली सोडते, पुढचा चढ ५-१० मिनिटं चालायचाच. गाडी भरल्याशिवाय निघत नाही आणि रांग असते. रोख पैसे जवळ ठेवा.

बस: ही वाड्यापाशी जात नाही! मारिएनब्रुके पुलाजवळ सोडते. तिथून वाडा उतारावर १०-१५ मिनिटं. हा उतार गुडघ्यांना चढापेक्षा जास्त जाचतो. बर्फ पडलं की बस बंद.

वेळ सगळ्यात जास्त जातो तो मारिएनब्रुकेवर. दरीपासून ९० मीटर उंच असलेला हा अरुंद पूल म्हणजे तो प्रसिद्ध फोटो जिथून काढतात ती जागा. पुलावर एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी रांगेतच अर्धा तास जाऊ शकतो. लोक "आधी पूल, मग वाडा" ठरवतात, रांगेत अडकतात आणि प्रवेशाची वेळ हुकते. प्रवेशाला दीड तासाहून कमी उरला असेल तर सरळ वाडा गाठा आणि पूल नंतर बघा. वाडा पाहून झाल्यावर घाई कसलीच उरत नाही.

आतली फेरी साधारण अर्ध्या तासाची, तिकिटाशिवाय आणि गटाशिवाय आत जाता येत नाही. इथे बहुतेकांची फसगत होते: बसमधला तुमचा गाइड आत काही सांगत नाही, आत वाड्याची स्वतःची माणसं गट नेतात, जर्मन किंवा इंग्रजीत. बाकी भाषांना ऑडिओ गाइड. सहलीच्या पैशात वाड्याचं तिकीट धरलेलं नसणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. बुकिंग करताना "प्रवेश समाविष्ट" हे शब्द शोधा. नसतील तर सहल कंपनीला विचारा की गटासाठी वेळ राखली आहे का. "तिथे गेल्यावर मिळेल" या उत्तरावर जुलै-ऑगस्टमध्ये अवलंबून राहू नका.

फेरीत सुमारे १६५ पायऱ्या चढायच्या आणि १८१ उतरायच्या. मोठी सॅक, बाबागाडी, फ्रेमवाली बाळाची पाठपिशवी आत चालत नाही. फोटो आणि व्हिडिओला मनाई. त्यामुळे डोळे उघडे ठेवा, विशेषतः सिंहासन दालनात. मुकुटाच्या आकाराचं झुंबर सुमारे ९०० किलोचं आहे. मेणबत्त्या लावायला ते खाली आणावं लागे, त्यासाठी वर यंत्र बसवलेलं. फरशीवर रंगीत खड्यांत जडवलेले प्राणी आणि झाडं. समोर पांढऱ्या संगमरवरी पायऱ्या चढत जातात, आणि वर जिथे सिंहासन असायला हवं तिथे काहीच नाही. ते बसवायच्या आत, १३ जून १८८६ला राजा श्टार्नबेर्गच्या तळ्यात मृत सापडला. या वाड्यात तो सगळे मिळून १७२ दिवस राहिला. १ ऑगस्टला, दीड महिन्यातच, वाडा लोकांना तिकीट लावून उघडला. गाइड त्या रिकाम्या जागेपाशी फार थांबत नाहीत. तुम्ही गटात पुढे उभे राहा, म्हणजे नीट दिसेल.

रूळांवरून

वेळेआधी यांनी सांगितलेला उलटा हिशोब ट्रेनने जाणाऱ्यांसाठी मांडतो. काही गाइडेड सहलीही बसने न नेता ट्रेननेच नेतात, गाइड सगळ्यांचं तिकीट हाताळतो.

बायर्न तिकीट, म्हणजे बव्हेरियातल्या प्रादेशिक गाड्यांचं एका दिवसाचं तिकीट, पाचजणांपर्यंत चालतं. सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतरच, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून, आणि दोन्हीकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ३ पर्यंत. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांमध्ये चालत नाही. तिकिटावर प्रवाशांची नावं लिहायची असतात. ती राहिली की तिकीट तपासनीस अडवतो.

म्युनिक ते फ्युसेन (वाड्याजवळचं स्टेशन असलेलं गाव) दोन तास, काही गाड्या थेट, काहींना बुखलोए किंवा काउफबॉयरेनला बदल. फ्युसेन स्टेशनबाहेरून ७३ किंवा ७८ क्रमांकाची बस, दहा मिनिटांत होहेनश्वांगाऊ. म्हणजे आठवड्याच्या दिवशी नऊनंतरची गाडी पकडली तर गावात सव्वाबारा. चढायला ४० मिनिटं, गाडी उशिरा येण्याची शक्यता, शौचालय, हे धरून दोनच्या आधीची वेळ घेऊ नका. लोक अकराची वेळ घेतात, मग त्यांना नऊच्या आधीची गाडी लागते आणि तिकडे बायर्न तिकीट चालत नाही. शनिवार-रविवारी ही अडचण नाही, पण गर्दी दुप्पट.

इथे राहणाऱ्यांचं डॉइचलँड तिकीट, म्हणजे देशभरच्या प्रादेशिक गाड्यांचा मासिक पास, या सगळ्या मार्गावर चालतं आणि त्याला नऊची अटही नाही. आई-बाबांसाठी मात्र ते फक्त या सहलीकरता काढू नका. ते दरमहा आपोआप पुढे चालू राहतं आणि रद्द करायचं तर महिन्याच्या १० तारखेच्या आत.

परतताना फ्युसेनमध्ये तासभर उतरा. खरं मध्ययुगीन गाव पायथ्याशीच आहे आणि बहुतेक सहली तिथे थांबतही नाहीत. तिथल्या होहेस श्लॉस या वाड्याच्या अंगणात भिंतींवर खिडक्या आणि सज्जे रंगवलेत, चार पावलं जवळ गेल्याशिवाय ते रंग आहेत हे कळत नाही. १५६२ला इथे ल्यूट वाद्य बनवणाऱ्या कारागिरांची संघटना स्थापन झाली, युरोपातली पहिली.

इसारकाठ

बसच्या सहलींत लिंडरहोफ आणि ओबरआमरगाऊ जोडलेलं असतं, त्याबद्दल थोडक्यात. लिंडरहोफ हा लुडविगच्या मोठ्या बांधकामांपैकी त्याच्या हयातीत पुरा झालेला एकमेव वाडा. छोटा आहे, पायऱ्या कमी, ज्येष्ठांना सोयीचा. तिथलं जेवणाचं टेबल खालच्या स्वयंपाकघरात उतरवून, ताट वाढून परत वर चढवत. राजाला नोकरांसमोर जेवायचं नसे. ओबरआमरगाऊला बस अर्धा तासच थांबते. घरांच्या भिंतींवरची चित्रं बघायला तेवढं पुरतं. १६३३च्या प्लेगमध्ये केलेल्या नवसामुळे हे गाव दर दहा वर्षांनी येशूच्या अखेरच्या दिवसांचं नाटक करतं. पुढचं २०३०ला.

गडवाट

आता तटबंदीचं गाव, रोटेनबुर्ग ओब डेर टाउबर. म्युनिकहून बसने एका बाजूला साधारण तीन तास, त्यामुळे गावात हाती जेमतेम अडीच-तीन तास उरतात. बसचालकाला साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती कायद्याने बंधनकारक आहे. "जरा वेळ वाढवा ना" म्हणून गाइडला गळ घालू नका, ते त्याच्या हातात नसतं.

बहुतेक गट बाजारचौकात उभे राहून तासावर वाजणाऱ्या घड्याळातल्या बाहुल्या बघतात आणि दुकानांत पांगतात. त्यापेक्षा थेट रोडरटोर या वेशीपाशी तटावर चढा. तिकीट नाही. वरची वाट म्हणजे आपली फांजीच (तटावरून चालायची वाट), फक्त वर लाकूड-कौलांचं छप्पर आणि बाहेरच्या भिंतीला जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं. वाट दोघांपुरती, तुळया खाली आलेल्या, उंच माणसांनी डोकं सांभाळा. चढायच्या दगडी पायऱ्या झिजलेल्या आणि एकसारख्या नाहीत.

भिंतीत जागोजाग नावांच्या पाट्या दिसतील, पुढे मीटरचा आकडा. ३१ मार्च १९४५च्या बॉम्बहल्ल्यात सुमारे ३०० घरं आणि तटाचा मोठा भाग गेला. जगभरच्या देणगीदारांनी मीटरमागे पैसे देऊन तो तट पुन्हा उभा केला. म्हणजे जिथे पाटी आहे तो तट नवा. हे माहीत असलं की जुना दगड आणि नवा दगड चालता चालता ओळखू येतो.

दक्षिण टोकाला श्पिटालची बुरूजबंदी: इंग्रजी 8 च्या आकड्यासारखी, एकामागून एक सात दरवाजे. शत्रूला वळवून वळवून मारायची ही युक्ती आपल्या गोमुखी दरवाज्यांच्या जातीची आहे. पश्चिमेला बुर्गटोर ही वेस बघा. मोठ्या दारात एक माणूस वाकून जाईल एवढं छोटं दार आहे, आपला दिंडी दरवाजाच. वर दगडी मुखवटा, त्याच्या तोंडातून खाली उकळतं डांबर ओतत. पलीकडे नुसती बाग. तिथला बुर्ग १३५६च्या भूकंपात पडला, गावाच्या नावात तेवढा उरला.

वेळ उरला तर सेंट याकोब चर्चच्या पश्चिमेकडच्या माडीवर जा. शिल्पकार रीमेनश्नायडरने १५००-१५०५च्या सुमारास कोरलेली वेदी तिथे आहे, रंग न दिलेलं लिंडनचं लाकूड. मागच्या खिडक्यांतून येणारा उजेड कोरीवकामाच्या आरपार येतो. प्रवेशाला पैसे पडतात, पण दुकानांतल्या तासापेक्षा हा पाव तास जास्त मोलाचा आहे. नगरभवनाच्या मनोऱ्याला २२० पायऱ्या, शेवटी अरुंद शिडी. ज्येष्ठांना नको.

रात्रीच्या पहारेकऱ्याच्या वेशातल्या गाइडबरोबरची इंग्रजी फेरी रात्री ८ला चौकातून निघते. म्हणजे एका दिवसाच्या सहलीत ती मिळत नाही. ती हवी तर मुक्काम करा.

पोळपाट

खाण्याबद्दल. रोटेनबुर्गचा श्नेबाल सगळे विकत घेतात. मैदा, अंडं, लोणी, साय यांची पोळी लाटून करंजीच्या कातण्यासारख्या फिरकीने पट्ट्या पाडतात, कडा न तोडता. एकाआड एक पट्टी लाकडी दांड्यावर उचलून सैल गोळा करायचा, गोल लोखंडी चिमट्यात बंद करून तळायचा. चव बरीचशी शंकरपाळीची. चॉकलेटचे जाड थर दिलेले टाळा, साधा पिठीसाखरेचा आणि त्याच दिवसाचा घ्या. शिळा दगडासारखा होतो. अंडं असतंच. तळण कशात आहे ते विचारून घ्या.

शाकाहारींना खरा दगा श्पेक देतो, म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे. ते बटाट्याच्या सॅलडमध्ये, कधी केझेश्पेट्झलेवरही (चीज घातलेल्या शेवयांसारखा पदार्थ) येतात. "ओने फ्लाइश" (मांसाशिवाय) एवढं पुरत नाही, "ओने श्पेक" वेगळं सांगा. रविवारी किराण्याची दुकानं बंद, म्हणून डबा शनिवारीच भरा. म्युनिकच्या मुख्य स्टेशनातली दुकानं तेवढी उघडी असतात.

फ्रँकनवासी

ज्यांना बुर्गच बघायचा आहे त्यांनी हारबुर्ग आणि नर्डलिंगेन एका दिवसात करावं. म्युनिकहून डोनाउवर्थला गाडी बदलायची, दोन्ही गावं पुढे एकाच मार्गावर. बायर्न तिकीट चालतं. हारबुर्ग होहेनश्टाउफेन राजघराण्याच्या काळातला (बारावं-तेरावं शतक) गड आहे, व्योर्निट्झ नदीवर. स्टेशनपासून चढून अर्धा तास. अंगणात नुसतं फिरता येतं, पण फांजी आणि आतल्या खोल्या गडाच्या गाइडबरोबरच, आणि फेरी बहुतेकदा जर्मनमध्ये. हिवाळ्यात बंद. म्युनिकच्या काही रोटेनबुर्ग सहली इथे थांबतात, पण थोडाच वेळ.

नर्डलिंगेनचा तट २.७ किलोमीटरचा. छपराखालून पूर्ण गोल चालता येतो, कुठेही खाली उतरावं लागत नाही. तासभर धरा. गाव उल्केच्या विवरात वसलंय, सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीच्या. म्हणजे आपल्या लोणारसारखंच, फक्त २५ किलोमीटर रुंद. चर्चचा दगडही त्या आघातातून बनलेला. त्याचा मनोरा ९० मीटर, ३५० पायऱ्या. वरून विवराची कडा क्षितिजावर टेकड्यांच्या कड्यासारखी दिसते. हवा धूसर असेल तर मनोरा सोडा, तट चाला.

इसारकाठ

हिवाळ्याबद्दल विचारणाऱ्यांसाठी: नॉयश्वानस्टाइन १ जानेवारी, २४, २५ आणि ३१ डिसेंबरला बंद. ऑक्टोबरच्या मध्यानंतर वेळ १० ते ४. बर्फ झालं की मारिएनब्रुके बंद करतात आणि फाटक ओलांडून जाणारे दरवर्षी निघतातच. कृपया तसं करू नका, खाली ९० मीटर आहे. तिकिटाचं बुकिंग झालं की आदल्या संध्याकाळी पूल आणि बसची स्थिती बघून मगच आई-बाबांचे बूट ठरवा.