महिला केंद्रातले वर्ग भरतात, पण समुपदेशनाच्या खोलीकडे कोणी वळत नाही. काय बदलावं?

वर्गसमन्वय (प्रश्न)

नमस्कार. महिला केंद्र आहे. एक हॉल आणि त्याला लागून दोन खोल्या. हॉलमध्ये सकाळी ९ ते ११ शिवणवर्ग, दुपारी संगणक, आठवड्यातून दोनदा व्यायाम. एका खोलीच्या दारावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी ११ ते १ तिथे प्रशिक्षित समुपदेशक बसतात. वर्गांना जागा पुरत नाही आणि ती खोली रिकामी. गरज नाही म्हणावं तर कापड बेतता बेतता बायका शिकवणाऱ्या ताईंपाशी घरचं बरंच काही बोलून जातात.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. खोलीत आणि वेळेत काय बदलावं? शिकवणाऱ्या ताईंपाशी कोणी मारहाणीचं बोललं तर त्यांनी नेमकं काय करायचं? आणि बचत गट सुरू करायचा आहे, तर पुढची भांडणं टाळायला आधीच काय ठरवून ठेवावं?

आडोसा

पहिल्यांदा ती पाटी काढा. हॉलमधल्या प्रत्येक मशीनवरून ते दार दिसत असणार. आत कोण गेलं, किती वेळ बसलं, डोळे पुसत बाहेर आलं का, हे वीस जणी बघतात. आत जाणारी बाई कशासाठी जाते हे बाहेरून कळता कामा नये, सगळी मांडणी याभोवती करा. त्याच खोलीत मापं घ्या, अर्ज भरून द्या, रक्तदाब तपासा. नाव नोंदवणाऱ्या प्रत्येकीशी तिथेच १५-२० मिनिटं एकटीशी बोलायचं असा नेम ठेवा. सगळ्याच जणी एकदा आत जाऊन आल्या की त्या दाराची भीती राहत नाही.

वेळही चुकलेली आहे. वर्ग ११ ला सुटतो, हॉल रिकामा होतो आणि मागे थांबलेली एकटी उठून दिसते. शिवाय घरी तिची यायची वेळ ठरलेली असते, उशिराचा जाब द्यावा लागतो. समुपदेशक ९ ते ११ याच वेळात बसवा. मशीनच्या खडखडाटाचा फायदाही होतो.

आवाजाची परीक्षा अशी घ्या: दोघींना आत नेहमीच्या आवाजात बोलायला सांगा, दार लावा आणि बाहेर उभ्या राहा. नुसती कुजबुज आली तर चालेल, शब्द कळले तर खोली कामाची नाही. आवाज बहुधा दाराखालच्या फटीतून आणि वरच्या झरोक्यातून येतो. फटीला पट्टी लावा, दाराला जाड पडदा. पंखा किंवा रेडिओ लावायचा तर दाराबाहेर लावा. आत लावलात तर तिलाच मोठ्याने बोलावं लागतं.

आत दोघींच्या मध्ये टेबल नको. दोन खुर्च्या किंचित तिरक्या ठेवा. तिची खुर्ची दाराजवळ हवी आणि वाटेत काही नको, म्हणजे उठून जावंसं वाटलं तर तिला जाता येईल. घड्याळ समुपदेशकाला मान न वळवता दिसेल अशा भिंतीवर लावा, कारण बोलणारी मध्येच मनगटाकडे पाहिलेलं लगेच ओळखते.

फोनबद्दल पहिल्याच भेटीत तीन प्रश्न विचारा. तुमचा फोन आणखी कोण बघतं? कोणत्या वेळी केलेला चालेल? दुसऱ्या कोणी उचलला तर आम्ही कोण म्हणून सांगायचं? शेवटच्याचं उत्तर दोघींनी मिळून ठरवायचं, उदाहरणार्थ ‘शिवणवर्गाची वेळ बदलली आहे’. माहितीपत्रक हातात देऊन घरी पाठवू नका. मदतीचे क्रमांक स्वच्छतागृहाच्या दाराला आतून लावा, तिथे निवांत वाचता येतात.

बाकावरची

आडोशाबद्दल वरचं सगळं पटतं, पण प्रत्येक बोलण्याला बंद खोली लागतेच असं नाही. झिम्बाब्वेत मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये ‘फ्रेंडशिप बेंच’ हे काम सुरू केलं. त्यात प्रशिक्षण घेतलेल्या आज्या दवाखान्याच्या आवारात लाकडी बाकावर बसून बायकांचं ऐकतात आणि एकेक अडचण सोडवायला मदत करतात. २०१६ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांत नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फरक दिसला. बाकावर दोघी बोलत बसल्या तर त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. दिसावं, पण ऐकू येऊ नये, इतकं अंतर पुरतं. आवारात झाडाखाली जागा असेल तर जरूर करून बघा. मारहाण किंवा अत्याचाराचा विषय निघाला की मात्र तिथून उठून आडोशाला जायचं.

आणि ‘समुपदेशन’ म्हणजे न संपणाऱ्या फेऱ्या, असा समज असतो तो मोडा. जागतिक आरोग्य संघटनेची ‘प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस’ ही पद्धत एकेकीसाठी ९० मिनिटांच्या ५ बैठकांची आहे. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेल्या व्यक्ती ती चालवू शकतात. ‘पाच वेळा या, तेवढ्यात एक अडचण हाती घेऊ’ असं सांगितलं की बाईला हिशेब कळतो. देखरेखीला मात्र काट मारू नका, ऐकणारी एकटी पडली की काही महिन्यांत थकते.

कानदेखे

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. शिकवणाऱ्या ताईंना समुपदेशक बनवायचं नाही, पण पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं ते त्यांना पाठ हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेत पाच पायऱ्या आहेत: ऐकणं, तिला आत्ता काय हवंय ते विचारणं, तिच्यावर विश्वास आहे हे शब्दांत सांगणं, सुरक्षिततेचं बघणं, पुढच्या मदतीशी जोडून देणं.

गाडी बहुतेकदा तिसऱ्या पायरीवर अडखळते. ‘तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. यात तुमची चूक नाही.’ ही दोन वाक्यं मोठ्याने, तिच्याकडे बघून म्हणायची. ‘अजून का राहता तिथे?’, ‘तुम्ही काही उलट बोललात का?’, ‘मुलांकडे बघून सहन करा’ यातलं एकही वाक्य चुकूनही नको. तपशील उकरून काढायचे नाहीत, ती जेवढं सांगेल तेवढं पुरे. दोन वर्षांपेक्षा मोठं मूल जवळ असेल तर हा विषय काढायचाच नाही. मूल ऐकतं आणि घरी जाऊन सहज बोलून जातं.

धोका किती जवळ आहे हे कळायला त्याच मार्गदर्शिकेतले प्रश्न समुपदेशकांनी विचारावेत. गेल्या ६ महिन्यांत मारहाण वाढली का? त्याने कधी शस्त्र वापरलं किंवा त्याची धमकी दिली का? गळा दाबण्याचा प्रयत्न केला का? तो जिवे मारेल असं वाटतं का? गरोदर असताना मारलं का? सतत आणि टोकाचा संशय घेतो का? यातल्या तीन किंवा जास्त प्रश्नांना ‘हो’ असेल तर घरी जाणं सुरक्षित आहे का, याचं बोलणं त्याच दिवशी व्हायला हवं. गळा दाबला असेल तर बाहेरून वळ दिसला नाही तरी डॉक्टरकडे पाठवा. आवाज बसणं, गिळताना दुखणं, धाप लागणं ही गंभीर लक्षणं आहेत.

लैंगिक अत्याचार असेल तर वेळ महत्त्वाची. एचआयव्हीचा संसर्ग टाळण्याचं औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं आणि तातडीची गर्भनिरोधक गोळी ५ दिवसांपर्यंत घेता येते. दोन्हींत जितकं लवकर तितकं चांगलं, म्हणून ‘शुक्रवारी समुपदेशक येतील तेव्हा बघू’ असं म्हणू नका.

जीव द्यावासा वाटतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारायला घाबरू नका. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर तिला एकटं सोडायचं नाही, सोबत जाऊन डॉक्टरपर्यंत पोचवायचं.

अजून एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. मारणाऱ्या नवऱ्याला केंद्रात बोलावून दोघांना समोरासमोर बसवू नका. त्याच्यासमोर ती खरं बोलू शकत नाही आणि जे बोलेल त्याची किंमत घरी मोजते. घर सोडा किंवा सोडू नका, हे दोन्ही सल्लेही देऊ नयेत. सोडून निघण्याचा काळ सगळ्यांत धोक्याचा असतो, तेव्हा निर्णय आणि दिवस तिचा. आपण तयारीत मदत करायची: कागदपत्रांच्या प्रती, किल्ली, रोजची औषधं, थोडे पैसे, मुलांना कुठे ठेवायचं, आणि शेजारणीला कळेल असा एखादा ठरलेला शब्द.

तीन कुलपं

बचत गटाबद्दल. १९९१ मध्ये नायजरमध्ये केअर या आंतरराष्ट्रीय मदत संस्थेने सुरू केलेली पद्धत पुढे अनेक देशांत पसरली, तिचे नियम साधे आहेत. सभासद १५ ते २५. एक लोखंडी पेटी, तिला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन वेगळ्या सभासदांकडे आणि पेटी चौथीकडे. पेटी फक्त सगळ्यांसमोर उघडायची, पैसे मोठ्याने मोजायचे आणि शिल्लक सगळ्यांनी तोंडपाठ करायची. पुढच्या बैठकीत मोजणीआधी ती रक्कम म्हणून दाखवायची. अक्षरओळख नसलेल्या बाईच्या हातातही अशी लगाम राहते.

एका वाट्याची रक्कम गटाने आधीच ठरवायची. एका बैठकीत प्रत्येकीने बचत म्हणून असे १ ते ५ वाटे घ्यायचे, कर्ज स्वतःच्या बचतीच्या तिपटीपर्यंत. अडीनडीचा निधी वेगळ्या पिशवीत. ९ ते १२ महिन्यांनी सगळं वाटून टाकायचं आणि नवं सत्र सुरू. शेवटच्या कर्जाची मुदत वाटपाच्या आधी संपेल हे बघा, भांडणं बहुतेक तिथेच होतात. केंद्राच्या कर्मचाऱ्यांनी पैशाला हातही लावू नये, ‘तुमच्याकडेच ठेवा ना’ म्हटलं तरी.

पासबुकं पेटीतच राहू द्या. घरी गेली की आकडा दिसतो आणि मागणी सुरू होते. कर्ज मागताना ‘वापरणार कोण, फेडणार कोण’ हे विचारा. बाईच्या नावाने काढलेलं कर्ज दुसऱ्याने उडवलं तर फेडीचा बोजा तिच्यावर येतो.

वर्गसमन्वय

फार उपयोग झाला. पाटी उद्या उतरवतो आणि वेळ ९ ते ११ करतो. दोन शंका राहिल्या. मुलं बरोबर असली तर बोलायचं कसं? आणि नोंदी कशा ठेवायच्या? देणगीदार छायाचित्रंही मागतात.

आडोसा

मुलांसाठी दुसरी खोली द्या. कोपऱ्यात चटई, खेळणी आणि त्या वेळेपुरती दुसरं कुठलंच काम नसलेली एक व्यक्ती. ‘जरा लक्ष ठेव’ म्हणून शिकाऊ मुलीवर टाकलं की मूल पाच मिनिटांत आईकडे धावतं आणि बोलणं तुटतं. बोलणारीला मूल काचेतून दिसलं तर ती शांतपणे बसते.

हजेरीची वही वेगळी, बोलण्याच्या नोंदी वेगळ्या. नोंदींवर नाव नको, क्रमांक. नाव आणि क्रमांक जुळवणारा कागद दुसऱ्या कुलपात. नोंदींत तिने सांगितलेलं तिच्या शब्दांत लिहा, आपला तर्क नको. सुरुवातीलाच तिला सांगा की हे कोण वाचू शकतं आणि कोणत्या प्रसंगी, म्हणजे जिवाला धोका असेल तर, आपल्याला इतरांना कळवावं लागेल. व्हॉट्सॲपच्या गटात कोणाच्या भेटीचा उल्लेख नको, ‘काल आलेल्या ताई’ इतकाही नको.

छायाचित्र हवंच असेल तर मशीनवरचे हात, कापड, तयार कपडा. चेहरा परवानगीनेही नको, कारण आज दिलेली परवानगी तिला उद्या मागे घेता येते, पण पसरलेलं छायाचित्र परत येत नाही.