तलावावरच्या पक्षीनोंदीला मिररलेस नको, सुपरझूम घ्या

बोडीकाठ (अर्जुनी मोरगाव)

गोंदिया-भंडाऱ्यात गावोगावी पक्षीमित्रांचे गट तयार होत आहेत, ही फार चांगली गोष्ट आहे. हिवाळ्यात मामा (माजी मालगुजारी) तलावांवरची बदकं मोजायची, पावसाळ्यात धानाच्या बांध्यांतले सारस दुरून पाहायचे, फोटोसकट नोंद ठेवायची. मग वर्गणी निघते, सव्वा-दीड लाख जमतात आणि गटासाठी एक कॅमेरा घ्यायचं ठरतं. सल्ला सगळीकडे एकच मिळतो : ‘घ्यायचाच तर प्रोफेशनल मिररलेस घ्या.’ नोंदीच्या कामाला आणि एवढ्या पैशात हा सल्ला चुकीचा आहे, असं माझं मत आहे.

या पैशात मिररलेस (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) म्हणजे कॅनन आर१० आणि त्यावर आरएफ १००-४०० लेन्स, किंवा त्याच्या आसपासचं काही. दुसऱ्या बाजूला निकॉन पी९५० हा सुपरझूम (लेन्स न निघणारा, लांब झूमचा कॅमेरा), २४ ते २००० मिमीचा झूम, वजन जेमतेम एक किलो. आता तलाव बघा. पाळीवर (तलावाच्या बांधावर) उभं राहिलं की बदकांचा थवा दीडशे-दोनशे मीटरच्या अलीकडे सहसा नसतो. अर्ध्या मीटरचं बदक २०० मीटरवर असेल, तर ४०० मिमीची लेन्स सेन्सरवर (फोटो टिपणाऱ्या आतल्या चिपवर) त्याची १ मिमीची प्रतिमा पाडते. आर१० वर ते अंदाजे २७० पिक्सेल होतात. पी९५० वर तेच बदक ६६० पिक्सेल लांब दिसतं. नयनसरी बदकाच्या शेपटीखालचा स्वच्छ पांढरा भाग आणि शेंडी बदकाचा पिवळा डोळा, या दोन खुणांवर ओळख ठरते तेव्हा हा फरक कामाचा आहे.

दीड मीटर उंचीचा सारस २०० मीटरवर उभा असेल, तर आर१० च्या चौकटीच्या उंचीचा तो पाचवा भाग व्यापतो, पी९५० मध्ये निम्म्याहून जास्त. घरट्याजवळ जाण्याचा मोह लेन्स छोटी असली की होतो. ऑगस्टमध्ये बांधीत घरटं असताना पन्नास मीटर पुढे सरकणं म्हणजे जोडीला उठवणं.

लाखांदूरकर

भाऊ, पिक्सेल मोजून फोटो होत नाही. पी९५० चा सेन्सर ६.१७ × ४.५५ मिमी, म्हणजे २८ चौरस मिमी. आर१० चा ३३२. जवळजवळ बारापट. डिसेंबरात सकाळी साडेसहाला धुकं असतं, बदकं तेव्हाच चरत असतात. तिथे पी९५० आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ८०० च्या वर गेला की पिसांचा चिखल होतो, आर१० ६४०० ला पण चालतो. शिवाय एफ/६.५ ला (पूर्ण झूमला पी९५० चं सगळ्यात मोठं छिद्र) प्रकाशाचा ठिपका पसरून साडेआठ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होतो आणि पी९५० चा एक पिक्सेल १.३४ मायक्रॉनचा. म्हणजे तुमच्या ६६० पिक्सेलमधले निम्मे तरी पोकळ आहेत.

आणि उडणाऱ्या पक्ष्याचं काय? पी९५० मध्ये फेज डिटेक्ट (हलत्या गोष्टीला झटकन धरणारा) फोकस नाही, नुसता कॉन्ट्रास्टवर चालणारा. थवा उठला की लेन्स पुढेमागे हुडकत बसते. सेकंदाला ७ फ्रेमचा वेग आहे, पण १० फ्रेम झाल्या की थांबायचं.

बोडीकाठ

लाखांदूरकर दादा, पोकळ पिक्सेलचं मान्य, निम्मे सोडून द्या. उरले ३३० आणि तुमचे २७०. तेवढा फरकसुद्धा मी हक्काने मागत नाही, बरोबरी म्हणा.

पण सेन्सरचं गणित तुम्ही अर्धंच मांडलं. दूरच्या पक्ष्याचा किती प्रकाश आत येतो हे सेन्सर ठरवत नाही, भिंगाचं तोंड ठरवतं. फोकल लेंग्थला एफच्या आकड्याने भागा. आरएफ १००-४०० : ४०० भागिले ८, म्हणजे ५० मिमी. पी९५० ची खरी फोकल लेंग्थ ३५७ मिमी (२००० हा फुलफ्रेमच्या, म्हणजे ३६ × २४ मिमी सेन्सरच्या हिशेबाचा आकडा), भागिले ६.५, म्हणजे ५५ मिमी. निकॉनचाच दुसरा सुपरझूम पी१०००, त्याची ५३९ भागिले ८, म्हणजे ६७. सोनीच्या सुपरझूमची, आरएक्स१० मार्क ४ ची, २२० भागिले ४, पुन्हा ५५.

म्हणजे २०० मीटरवरच्या त्याच बदकाकडून येणारा प्रकाश दोन्हीकडे जवळपास सारखाच आहे. आर१० च्या फोटोतून ते बदक मोठं दिसेपर्यंत कापलं, की तुम्ही सेन्सरचा सुमारे ७ × ५ मिमीचा तुकडाच वापरता. ३३२ चौरस मिमी पैकी बाकीच्यावर पाणी आणि बेशरमाची झुडपं छापली जातात. ६४०० आयएसओ ‘चालतो’ तो पूर्ण चौकट भरली तर. कापलेल्या तुकड्याला तो चालत नाही.

तिरोड्याची ताई

हे तोंडाचं गणित बरोबर आहे, आणि म्हणूनच त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ते पूर्ण झूमपुरतंच खरं. सारस ६० मीटरवर बांधावर आला, तर ४०० मिमीवर तो चौकटीचा दोन तृतीयांश भाग भरतो आणि तोंड ५० मिमीचंच राहतं. पी९५० ला तेवढीच चौकट ठेवायला झूम खऱ्या १२० मिमीपर्यंत मागे घ्यावा लागतो, तिथे तोंड २०-२५ मिमीवर येतं. प्रकाश चार-पाच पट कमी. जवळचा पक्षी, कमी उजेड, तिथे मिररलेसशी बरोबरी नाही.

फुलपाखरं आणि चतुरांचं काम गटात कोणी करत असेल तर तेही धरा. आरएफ १००-४०० सुमारे एक मीटरवरून ०.४१ पट मोठी प्रतिमा देते. सुपरझूम १ सेंटीमीटरवर फोकस करतो, पण तो झूम आखडलेला असताना. चतुराला नाकाशी लेन्स चालत नाही.

सातपुडा पायथा (तुमसर)

माझा मुद्दा वेगळा आहे, धुळीचा. गटाचा कॅमेरा म्हणजे पाच-सहा हात. मोटारसायकलच्या डिक्कीतून मुरमाच्या रस्त्याने फिरणार. मिररलेस घेतला तर एक लेन्स लावली ती काढायचीच नाही, असा नियम करा. धानकापणीनंतर मळणीचं भुसकट हवेत असताना बांधावर लेन्स बदलली, तर पांढऱ्या आभाळाच्या प्रत्येक फोटोवर डाग येतील. सेन्सर साफ करायचा तर फक्त हातपंपाने (हवा मारणाऱ्या रबरी फुग्याने), कॅमेरा उलटा धरून. तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकीचे कण सेन्सरवर सुकतात.

पण सुपरझूम सुरक्षित आहे हा गैरसमज आहे. झूम करताना नळी बाहेर येते, आत येते, म्हणजे भात्यासारखी हवा ओढते. हवेबरोबर पीठमाती आत जाते आणि सेन्सरवर बसते. तिथे हातपंप पोचत नाही, पूर्ण कॅमेरा उघडावा लागतो. बंद करताना नळी आखडतेवेळी हात अडकला किंवा पिशवीत कोंबला, तर दातेरी चाकं झिजतात आणि पडद्यावर लेन्स एररची सूचना येते. जुना पी९५० घेणार असाल तर वीस वेळा शेवटपर्यंत झूम करून कान देऊन ऐका. कर्रकर्र आवाज आला किंवा मध्ये अडखळला की ठेवून द्या.

आणि आर१० ची बॉडी काय, आरएफ १००-४०० काय, दोन्हींना पाण्या-धुळीपासूनचं सील नाही. ‘प्रोफेशनल’ शब्दावर जाऊ नका.

लाखांदूरकर

सील नाही हे खरं. तरी उडणाऱ्या पक्ष्याचं उत्तर मला अजून मिळालं नाही. नोंद म्हणजे नुसती बसलेली बदकं नव्हेत. धानाच्या रिकाम्या बांध्यांवर हिवाळ्यात भोवत्ये (हॅरियर, शिकारी पक्षी) फिरतात. माँटेग्यूच्या भोवत्याच्या नराच्या पंखावर वरून काळी आडवी पट्टी असते, पांढुरक्या भोवत्याला ती नसते, त्याच्या पंखाच्या टोकाला फक्त काळी निमुळती पाचर. ही खूण बसलेल्या पक्ष्यावर ठरवायला जीव जातो, पंख उघडले की एका फ्रेममध्ये ठरते. आर१० प्राणी-ओळखीवर ठेवला की पक्ष्याचा डोळा नाही सापडला तरी अंग धरून ठेवतो. शटर १/१६०० सेकंद, सर्वो (हलत्या पक्ष्यामागे सतत बदलणारा) फोकस, सेकंदाला १५ फ्रेम. इलेक्ट्रॉनिक शटर वापरू नका, पंख वाकडे येतात. पी९५० ने हा फोटो मिळतो, पण वीसात एखादा.

बोडीकाठ

भोवत्यांचा मुद्दा मान्य. तिथे माझ्याकडे उत्तर नाही. पी९५० ने उडता पक्षी धरायचा असेल तर एकच रीत : झूम ५००-६०० वर ठेवायचा, त्याच अंतरावरच्या झाडावर आधी फोकस करून ठेवायचा, पक्षी चौकटीत आल्यावरच अर्धं बटण दाबायचं. पक्षी निसटला तर स्नॅप-बॅक झूमचं बटण दाबून ठेवलं की चौकट क्षणभर रुंद होते. डिजिटल झूम मात्र मेनूत जाऊन बंदच करा. २००० च्या पुढे तो फक्त फोटो कापून फुगवतो.

वरोऱ्याचा गुराखी

दोघांनाही एक तिसरा रस्ता. आर१० ला ॲडॅप्टर (जुनी लेन्स बसवायचा जोड) लावून कॅननचीच जुनी ईएफ ४०० मिमी एफ/५.६ एल लेन्स. १९९३ सालची लेन्स आहे, सेकंडहँड मिळते, वजन सव्वा किलो. तोंड ४०० भागिले ५.६, म्हणजे ७१ मिमी. ५० च्या तुलनेत प्रकाश दुप्पट. ॲडॅप्टरवर ऑटोफोकस पूर्ण चालतो, उडत्या पक्ष्याला ही लेन्स आजही उत्तम.

तोटा : हिच्यात स्थिरीकरण (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) नाही आणि आर१० च्या बॉडीतही नाही. हातात धरून १/१००० च्या खाली गेलात की फोटो हललाच. घेताना मोबाइलची टॉर्च मागच्या काचेतून आत मारा आणि समोरून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या तारा दिसल्या तर ती बुरशी, भाव कितीही कमी असो, घेऊ नका. धुळीचे दोन-चार कण असले तर काही बिघडत नाही.

तिरोड्याची ताई

गुराखी दादा, लेन्स छान सांगितली. पण तलावावर तास-दीड तास बसून मोजणी करायची असते, तिथे १/१००० ची अट पहाटे जाचक होते. टेकू लागणारच. आणि टेकू म्हटला की दोन्ही बाजूंना तोच उपाय : जुन्या जीन्सचा पाय कापून दोन्ही तोंडं शिवायची, आत दोन किलो हरभरा. पाळीच्या दगडावर ठेवली की लेन्स तिच्यात बसते. धान भरू नका, टोकं कापडातून बाहेर येतात आणि भुसकट थेट कॅमेऱ्यावर. वाळू जड होते आणि शिवणीतून गळते. पश्चिमेकडची मंडळी सरकी भरतात, ती हलकी आहे, बसने जाताना बरी. पिशवीवर ठेवून दोन सेकंदांचा टायमर लावला की पी९५० पूर्ण झूमला १/२५० वर स्वच्छ फोटो देतो.

बोडीकाठ

ताई, हरभऱ्याची पिशवी प्रत्येक गटाला सक्तीची करा. बोट दाबल्याचा धक्काच २००० मिमीला सगळ्यात जास्त नडतो.

एक गोष्ट दोन्ही कॅमेऱ्यांना लागू. सकाळी दहानंतर नांगरलेल्या किंवा कापलेल्या बांधीवरून उष्ण हवा वर येऊ लागली की १५० मीटरच्या पुढे कोणतीही लेन्स काम करत नाही. फोकस चुकल्यासारखं वाटतं, कॅमेरा बिघडला म्हणून लोक दुकानात नेतात. दहा फ्रेम घ्या. प्रत्येकीत चोच वेगळ्या जागी वाकडी असेल, तर दोष हवेचा. पाण्यावरून पाहिलं तर त्रास कमी, म्हणून पाळीची अशी बाजू निवडा की पक्षी आणि तुमच्यामध्ये जमीन नाही, पाणी येईल.

सातपुडा पायथा

आणि पावसाळा. जुलै ते सप्टेंबर कॅमेरा कातड्याच्या पिशवीत, कपाटात ठेवला की बुरशी ठरलेली. घट्ट झाकणाचा दहा लिटरचा डबा, आत पाव किलो सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये हवा. नारिंगी दाणे हिरवे पडले की तव्यावर मंद आचेवर नारिंगी होईपर्यंत परतायचे, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात. बांधीवरून ओला होऊन आलेला कॅमेरा लगेच डब्यात बंद करू नका, आधी पुसून पंख्याखाली तासभर. गटात डब्याची जबाबदारी एकाच माणसाकडे द्या.

लाखांदूरकर

बोडीकाठ भाऊ, माझी शिफारस मी तीच ठेवतो, फक्त अट घालून. गटात उडत्या पक्ष्यांवर हात बसवायला तयार असलेला एक तरी माणूस असेल, तर आर१० आणि गुराखी दादांची ४०० एफ/५.६. उद्या वर्गणी वाढली तर बॉडी तीच राहते, लेन्स बदलते. पी९५० मध्ये भिंग वाढवता येत नाही.

बोडीकाठ

आणि असा माणूस नसेल, कॅमेरा दर रविवारी वेगळ्या हातात जाणार असेल, शाळेतली पोरंही वापरणार असतील, तर पी९५०. त्याच्या चाकावर पक्षीनिरीक्षणाचा मोड आहे, तो लावून द्या. सोबत दोन जादा बॅटऱ्या घ्या, एका चार्जला तीनशेच्या आतच फोटो निघतात. आणि पहिल्याच दिवशी कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी मिनिटाला मिनिट जुळवा. वेळ चुकलेला फोटो पुढे मोजणीच्या कागदाशी जुळत नाही. सारसाच्या घरट्याचा फोटो गटात टाकताना मात्र जागेची माहिती काढून टाका, गावाचं नावही नको.