मदत हवी आहे : जुन्या गाडीचा सेल्फ मधूनच लागत नाही

धागाकर्ता : गाडी बरीच जुनी आहे. किल्ली फिरवली की एरवी पहिल्या झटक्यात सुरू होते, कधी मात्र अजिबात दाद देत नाही आणि थोड्या वेळाने आपोआप ताळ्यावर येते. मेकॅनिककडे नेली की हमखास सुरू होते, त्यामुळे दोष दाखवताच येत नाही. बॅटरी नवी आहे, तेव्हा कृपया बॅटरी बदलण्यास सुचवू नये. उपाय तातडीने हवा आहे.

प्रतिसाद १ : सुरू होत नाही म्हणजे सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, की सेल्फच फिरत नाही? ‘कट्’ असा एकच आवाज येतो, कटकट चालू राहते, की काहीच ऐकू येत नाही? त्या वेळी हेडलाइट मंदावतात का? इंजिन गार असते की तापलेले?

प्रतिसाद २ : माझ्या गाडीला अगदी हेच झाले होते. सेल्फवर पान्याने हलकेच ठोकले की ती सुरू व्हायची, कारण कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे तुकडे) झिजले होते. सेल्फ उतरवून ब्रश बदलून घ्या.

प्रतिसाद ३ : किल्ली ‘ऑन’वर आणून दोन सेकंद थांबावे, म्हणजे इंधन पंपाचा दाब तयार होतो. फिल्टरही तपासून घ्यावा.

धागाकर्ता : इंधनाचा प्रश्नच नाही, सेल्फ फिरतच नाही. कधी एकच ‘कट्’, कधी तोही नाही. हेडलाइट जराही मंदावत नाहीत. लांबून येऊन गाडी बंद केली आणि लगेच सुरू करू गेलो, की बहुधा हे होते. गिअर मॅन्युअल आहेत.

प्रतिसाद १ : हेडलाइटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. बॅटरीची जोडणी खराब असती, तर सेल्फने करंट ओढताच दिवे मंदावले असते. इथे मोटर करंट ओढतच नाही. सोलेनॉइडला (किल्ली फिरवल्यावर मोटरला करंट जोडणारा सेल्फवरचा विद्युतचुंबकी स्विच) येणाऱ्या बारीक वायरीवर मल्टीमीटर लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढा आणि दोष आलेला असतानाच दुसऱ्या कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. सायलेन्सरचा पाइप तिथून जवळच असतो आणि तो चांगलाच तापलेला असेल, हात सांभाळा. दहा व्होल्टच्या वर दाब मिळूनही सेल्फ गप्प राहिला, तर दोष सोलेनॉइडमध्ये किंवा मोटरमध्ये आहे. कमी मिळाला, तर सेल्फ उतरवण्याचे कारण नाही.

प्रतिसाद २ : तापल्यावरच बिघडतो म्हणजे सेल्फच, मोजत बसण्यात वेळ जाईल.

प्रतिसाद १ : तापलेल्या तांब्याचा रोध वाढतो, म्हणून गरम सोलेनॉइडची कॉइल कमी करंट ओढते, तिथे येणारा दाबही कमी असेल, तर प्लंजर (सोलेनॉइडमधला सरकणारा दांडा) पूर्ण ओढला जात नाही. त्यामुळे सेल्फ निर्दोष असूनही लक्षण हेच दिसते.

प्रतिसाद ४ : मग रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) बसवा. बॅटरीवरून थेट वायर घेऊन, मध्ये फ्यूज टाकून सोलेनॉइडला द्यावी. किल्लीने फक्त रिले चालवायचा. जुन्या गाड्यांना हा उपाय फार चांगला लागू पडतो.

प्रतिसाद १ : उपाय चांगला आहे, पण दोष कुठे आहे ते कळल्यानंतर. इग्निशन स्विचचे संपर्क झिजलेले असतील, तर रिलेमुळे ते झाकले जातील आणि एखाद्या दिवशी रिलेलाही करंट मिळणार नाही.

धागाकर्ता : आज गरम इंजिनावर सेल्फ अडला, तेव्हा मोजले. बारीक वायरीवर ७.४ व्होल्ट मिळाले. इग्निशन स्विचला येणाऱ्या वायरीवर १२.१ होते आणि सेल्फकडे जाणाऱ्या पिनवर ७.६.

प्रतिसाद १ : म्हणजे साडेचार व्होल्ट स्विचमध्येच जात आहेत. पुष्कळ गाड्यांत किल्लीचे कुलूप न बदलता त्यामागचा विजेचा भाग वेगळा बदलता येतो, तो मिळतो का पाहा. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण वायर काढा आणि नवा भाग बसवल्यावर गरम इंजिनावर हेच तीन आकडे पुन्हा मोजून इथे लिहा.