‘केलं असतं तर’ की ‘केलं असेल तर’?

एका लेखाचं भाषांतर करतेय आणि शीर्षकावरच अडलेय. लेख ओ. जे. सिम्पसनच्या पुस्तकाबद्दल आहे. १२ जून १९९४ च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये त्याची घटस्फोटित बायको निकोल ब्राउन आणि तिचा मित्र रॉन गोल्डमन यांचे खून झाले. ३ ऑक्टोबर १९९५ ला ज्युरीने अमेरिकी फुटबॉलच्या या लाडक्या खेळाडूला खुनांच्या आरोपातून सोडलं. नोव्हेंबर २००६ मध्ये जाहीर झालं की त्याचं पुस्तक येतंय, जोडीला फॉक्स वाहिनीवर दोन भागांत मुलाखत. पुस्तकाचं नाव ‘इफ आय डिड इट’. लोक इतके खवळले की २० नोव्हेंबरला प्रकाशनसंस्था आणि वाहिनी दोन्ही ज्याच्या हाती होत्या त्या रूपर्ट मरडॉकने दोन्ही रद्द केलं आणि छापलेल्या प्रती परत मागवून नष्ट करायला लावल्या.

शीर्षक मराठीत कसं आणू? शिवाय लेखात ‘ब्लड मनी’ आणि ‘आउटरेज’ हे शब्द पानोपानी आहेत. ‘जनआक्रोश’ चालेल का?

प्रतिसाद १

‘जनआक्रोश’ नको, ताई. आक्रोश म्हणजे संताप हा अर्थ हिंदीतला. मराठीत आक्रोश करतो तो ऊर बडवून रडतो. इथे दोन्ही होतं, पण माणसं वेगळी होती. आक्रोश रॉनच्या वडिलांचा आणि बहिणीचा, क्षोभ बाकी देशाचा. लोकांसाठी ‘लोकक्षोभ’ किंवा साधा ‘संताप’ लिहा आणि ‘आक्रोश’ त्या घरासाठी राखून ठेवा.

प्रतिसाद २

शीर्षकाबद्दल. ‘केलं असतं तर’ म्हटलं की मराठी कान लगेच समजतो की केलेलं नाही. ‘पाऊस पडला असता तर पीक आलं असतं’, म्हणजे पडला नाही. ‘असेल’ने दार उघडं राहतं: ‘माझं चुकलं असेल तर माफ करा.’ चुकलं की नाही, बोलणारा सांगत नाही.

आता इंग्रजी बघा. ‘मी केलेलं नाही, पण केलं असतं तर’ हे नेमकं म्हणायचं तर ‘इफ आय हॅड डन इट’ हवं. शीर्षकात ‘डिड’ आहे. वरवर ते ‘असतं तर’सारखं ऐकू येतं, पण व्याकरण ‘असेल तर’लाही वाट देतं. कार्यक्रमाच्या पूर्ण नावात तर पुढे ‘हिअर्स हाउ इट हॅपन्ड’ होतं. हॅपन्ड, म्हणजे घडलं. मराठीत जोडून पाहा: ‘मी केलं असतं तर ते असं घडलं.’ वाक्य मोडतं. ‘घडलं असतं’ म्हणावं लागतं, नाहीतर मागे जाऊन ‘असेल’ करावं लागतं. इंग्रजीत जी लबाडी सहज खपते, ती आपलं क्रियापद खपवून घेत नाही. मी ‘मी केलं असेल तर’ असंच लिहीन.

प्रतिसाद ३

मला हे पटत नाही. कोर्टाने सोडलेल्या माणसाच्या तोंडी आपण अर्धा कबुलीजबाब घालतोय. भाषांतरकाराने न्यायाधीश होऊ नये.

प्रतिसाद २ कडून

आक्षेप रास्त आहे. पण कबुली हा शब्द भाषांतरकाराचा नाही. पुस्तक काढणाऱ्या ज्युडिथ रेगन यांनीच आपण ही त्याची कबुली मानतो असं जाहीरपणे म्हटलं होतं. दार उघडं ठेवलं म्हणूनच पुस्तक विकलं जाणार होतं. ते दार मराठीत बंद केलं तर लोक एवढे का चिडले हे वाचकाला कळणारच नाही.

प्रतिसाद ४

यातच ‘निर्दोष’ शब्दाचाही विचार करा. वर्तमानपत्रं ‘निर्दोष सुटका’ लिहितात, पण ज्युरी ‘नॉट गिल्टी’ म्हणते तेव्हा ती निष्पापपणाचा दाखला देत नाही, दोष सिद्ध झाला नाही एवढंच सांगते. ‘दोषमुक्त’ बरा. फेब्रुवारी १९९७ मध्ये दिवाणी ज्युरीने त्याच मृत्यूंसाठी त्याला ‘जबाबदार’ धरलं आणि एकूण ३ कोटी ३५ लाख डॉलरची भरपाई लावली. तिथे ‘दोषी’ लिहू नका, तो शब्द फौजदारी निकालाचा. दिवाणीत पुराव्याचं माप हलकं असतं, म्हणून दोन्ही निकाल एकत्र नांदू शकतात. आणि एकदा सुटलेल्याला त्याच आरोपावर पुन्हा उभं करता येत नाही, हे त्यांच्या घटनेतच आहे. तुरुंगाची भीती नाही, भरपाई बरीचशी थकलेली आणि वर पुस्तकाचे पैसे. मलाही हे वाचून चीड येते.

प्रतिसाद ५

‘ब्लड मनी’साठी ‘रक्ताचा पैसा’ ठीक. पण सावध. इस्लामी कायद्यातली ‘दियत’ इंग्रजीत ‘ब्लड मनी’च म्हणवते, आणि तो मारणाऱ्याने मृताच्या घरच्यांना द्यायचा पैसा. इथे दिशा उलटी.

आपल्याकडे याहून धारदार शब्द आहे: मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं. पण तो कुणाला लावायचा हे नीट बघा. ही म्हण मारणाऱ्याबद्दल नाही. चितेवर ठेवलेल्या देहाच्या टाळूवरचं लोणीही ज्याला सोडवत नाही, त्या लोभ्याबद्दल आहे. म्हणजे ती बसते प्रकाशकाला आणि वाहिनीला.

प्रतिसाद १ कडून

मग गोल्डमन कुटुंबाचं काय? २००७ मध्ये पुस्तकाचे हक्क सिम्पसनच्या मुलांच्या नावे काढलेल्या कंपनीकडून दिवाळखोरी न्यायालयामार्फत त्यांच्याकडे आले आणि त्यांनी ते सप्टेंबरमध्ये छापलं. निकोलच्या बहिणीने त्यावर बहिष्काराची हाक दिली होती. तिच्या लेखी तेही लोणीच होतं.

प्रतिसाद ५ कडून

त्यांना ती म्हण मी लावणार नाही. ज्याचा मुलगा गेला त्याने न मिळालेल्या भरपाईपोटी ते हस्तलिखित ओढून घेतलं. याला ‘वसुली’ म्हणतात. बहिणीचं दुःखही खोटं नव्हतं. एकाच रात्री दोन घरं उजाडली आणि त्यांना एकाच पुस्तकाचं काय करावं यावर एकमत होता आलं नाही.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. ‘असेल’ घेतेय. एक अडचण उरली. गोल्डमन कुटुंबाच्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर ‘आय’ हे अक्षर मोठं आहे आणि त्याच्याच पोटात ‘इफ’ इतकं बारीक की पटकन दिसत नाही. लांबून ‘आय डिड इट’ एवढंच वाचलं जातं. मराठीत ‘जर’ बारीक करून काही होत नाही, तो गाळला तरी चालतो. आपली शंका क्रियापदाच्या शेपटीत असते.

प्रतिसाद २ कडून

मग शेपटीच बारीक करा. पहिल्या ओळीत ठळक ‘मी केलं’. त्याखाली, नखाएवढ्या अक्षरांत, ‘असेल तर’.