फोटोत लपवलेला मेसेज व्हॉट्सॲपवरून गेला की गायब होतो, काय करावं?

लातूरकर_बीई
नमस्कार मंडळी, लातूरला इंजिनिअरिंगच्या लास्ट इयरला आहे, प्रोजेक्ट घेतलाय फोटोत मेसेज लपवायचा. पायथनमधे एलएसबी पद्धत वापरली, म्हणजे पिक्सेलच्या लाल हिरव्या निळ्या आकड्याचा शेवटचा बिट बदलायचा, २०० चा २०१ झाला तरी डोळ्याला काही कळत नाही. गूगलवरून बीबी का मकबऱ्याचा फोटो घेतलाय. आता अडचण अशी की पीएनजी (एकही पिक्सेल न बदलता फोटो ठेवणारी फाइल) लॅपटॉपवर नीट चालतं पण तेच मित्राला व्हॉट्सॲपवर टाकलं की नुसता कचरा निघतो. आणि इंग्रजी मेसेज पूर्ण येतो पण 'नांदेड' लिहिलं की फक्त 'ना' येतं, काहून होत असेल? वरून सर म्हणायलेत एईएस (चावीनं मेसेजला कुलूप लावायची पद्धत) पण लाव. लपलेलंच आहे तर कुलूप कशाला?

गोदाकाठ_नांदेड
आमच्या नांदेडचं आधी सांगतो. तू मेसेजची लांबी अक्षरं मोजून लिहायलास. पायथन 'नांदेड' ६ मोजतं (न, काना, अनुस्वार, द, मात्रा, ड), पण यूटीएफ-८ मधे (अक्षरं बाइटमधे लिहायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे १८ बाइट. काढताना तू ६ च बाइट वाचतोस, त्यात 'ना' बसतं. आधी बाइटमधे एन्कोड कर, मग लांबी मोज.

व्हॉट्सॲपचं म्हणशील तर फोटो म्हणून पाठवलं की ते जेपीईजी करून दाबतं. जेपीईजी ८ बाय ८ च्या ठोकळ्यांत काम करतं आणि डोळ्याला न दिसणारे बारीक फरकच पहिले टाकून देतं, आणि तुझा मेसेज नेमका तिथंच आहे ना. एचडी केलं तरी दाबतंच. डॉक्युमेंट म्हणून पाठव, फाइल जशीच्या तशी जाते.

क्रिप्टो_संभाजीनगर
सर बरोबर म्हणायलेत. तुझी पद्धत माहीत असलेला कुणीही पहिल्या पिक्सेलपासून बिट काढत गेला की मेसेज हातात. १८८३ सालीच केर्कहॉफ्स या गुप्तलेखनाच्या जाणकारानं लिहून ठेवलंय की पद्धत शत्रूला कळली तरी चालेल, गुप्त राहायला पाहिजे ती फक्त चावी. आणि लपवणं तसं पकडता येतं, ओळीनं बिट भरले की त्यांची आकडेवारी बदलते, वेस्टफेल्ड आणि फिट्झमान या संशोधकांनी १९९९ मधे काय-स्क्वेअर या आकडेवारीच्या चाचणीनं ते दाखवलंय. म्हणून चावीवरून रँडम क्रम काढून पिक्सेल विखरून वापर. फोटो गूगलचा तर अजिबात नको, मूळ फोटो शेजारी ठेवून वजाबाकी केली की बदललेले पिक्सेल उघडे पडतात! बीबी का मकबराच पाहिजे तर इकडं ये, स्वतः काढ, आणि मूळ फोटो कुठंच टाकू नको.

एईएस स्वतः लिहायच्या भानगडीत पडू नको, तयार लायब्ररी घे, जीसीएम मोड वापर, एक बिट जरी बिघडला तरी ते उघडायला नकार देतं, कचरा दाखवत नाही. पासवर्ड थेट चावी म्हणून घालू नको, आर्गॉन२ (पासवर्डपासून चावी बनवणारं फंक्शन) मधून काढ. नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा) दर वेळी नवा.

लातूरकर_बीई
लय भारी, बाइटचं लगेच बसलं! पण सॉल्ट (आर्गॉन२ ला लागणारे रँडम बाइट), नॉन्स, टॅग (बिघाड ओळखायची जीसीएमची खूण) सगळं मिळून फोटोत जागा पुरंल का?

क्रिप्टो_संभाजीनगर
पुरून उरंल. १८ बाइट मेसेज, १६ सॉल्ट, १२ नॉन्स, १६ टॅग, ४ लांबीला, झाले ६६ बाइट, ते १७६ पिक्सेलात मावतात. १००० बाय १००० च्या फोटोत पावणेचार लाख बाइट बसतात. फक्त सॉल्ट आणि लांबी ठरलेल्या जागी ठेव, त्याशिवाय उघडणाऱ्याला चावी आणि क्रम काढताच येणार नाही.

परभणी_सेतू
मी सेतू केंद्र चालवतो, कोडिंग येत नाही, पण चावीवरून सांगावं वाटलं. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो तो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमधे आणि जन्माचं साल. आता गावात कुणाला कुणाचं नाव आणि साल माहीत नसतं? लोकं बिनधास्त ग्रुपवर टाकतात फाइल, वर खाली पासवर्डही लिहितात. मी गिऱ्हाइकाला मास्क्ड आधार काढून देतो, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आणि पूर्णच द्यायचं असंल तर पासवर्ड फोनवर तोंडी सांगा म्हणतो. तुझ्या प्रोजेक्टात मित्राला चावी कशी देणार ते लिहिलंय का?

लातूरकर_बीई
नाही लिहिलं, व्हॉट्सॲपवरच पाठवायलो होतो. आजच रिपोर्टमधे घालतो, डिफी-हेलमन (चावी न पाठवता दोघांनी एकच चावी बनवायची पद्धत) वापरून बघतो.

क्रिप्टो_संभाजीनगर
घाल, १९७६ पासून त्याच कामाला आहे. पण समोरून आलेली पब्लिक की (चावीचा उघड पाठवायचा भाग) खरंच मित्राचीच आहे का हे एकदा भेटून नाहीतर फोनवर आवाज ओळखून ताडून घे, नाहीतर मधला माणूस दोघांनाही आपलीच चावी देऊन बसंल.