मनगटावर गँगलियनची गाठ आहे, वजनं बंद न करता व्यायाम कसा चालू ठेवायचा?

राजारामपुरी_लिफ्टर

नमस्कार मंडळी. वय २९, वजन ५८ किलो. उजव्या मनगटाच्या मागच्या बाजूला, बरोबर मध्यावर गाठ आहे. सोनोग्राफीत १४ मिमीचं गँगलियन निघालं, एक्स-रे स्वच्छ. मुंग्या नाहीत, पकड कमी झालेली नाही. डॉक्टर म्हणाले, त्रास नसेल तर राहू दे, फार दुखलं तर सुईने रस काढू.

दुखतं ते तळवा मागे वळवून भार दिला की. जोर, पुशअप, फ्रंट स्क्वाट (बार पुढून खांद्यांवर ठेवून बैठक), आणि बेंच प्रेस ४० किलोच्या वर गेला की. डेडलिफ्ट ८० किलोला काही होत नाही, पुलअपलाही नाही. घरचे म्हणतात सगळंच बंद कर. जिममध्ये कोणी म्हणतं पट्टा आवळून बांध, कोणी म्हणतं दाबून फोड.

कुठले व्यायाम थांबवायचे आणि कुठले नुसते बदलायचे? रिस्ट रॅपने (मनगटाला गुंडाळायच्या पट्ट्याने) फायदा होतो का? आणि जोर अजिबात सोडायचे नाहीत, त्याला काही वाट आहे का?

हात_खांदा_फिजिओ

ताई, गाठीची रचना डोळ्यांसमोर आली की निम्मे प्रश्न तिथंच सुटतील. मनगटात आठ छोटी हाडं असतात. त्यातल्या स्कॅफॉइड आणि ल्युनेट या दोन हाडांना बांधणारा एक आखूड अस्थिबंध आहे. मनगटाच्या मागच्या गँगलियनचं मूळ बहुतेक वेळा याच जागी असतं. तिथून बारीक देठ वर येतो आणि देठाच्या टोकाला पिशवी. आत पाणी नसतं, केसांना लावायच्या जेलसारखा घट्ट पारदर्शक रस असतो. तो देठातून पिशवीत सहज जातो, उलटा सहज येत नाही. म्हणून हात जास्त वापरला की गाठ टम्म होते आणि दोन दिवस आराम दिला की मऊ पडते. आकार असा खालीवर होतोय म्हणून घाबरू नका, ते या गाठीचं नेहमीचंच वागणं आहे.

तळवा पूर्ण मागे वळला की ही जागा हाडांच्या चिमटीत येते, आणि वरून भार पडला की कळ निघते. डेडलिफ्टला आणि पुलअपला मनगट सरळ राहून नुसतं ताणलं जातं, म्हणून तिथं तुम्हाला काही होत नाही. तेव्हा किलो कमी करण्याआधी कोन बदला. सगळं बंद करायची गरज तुमच्या वर्णनावरून तरी दिसत नाही.

आता एक मोजमाप घ्या. गुडघ्याएवढ्या भक्कम स्टुलावर घरातला वजनकाटा ठेवा. तळवा काट्यावर सपाट, कोपर सरळ, खांदा बरोबर तळव्याच्या वर. हळूहळू अंगाचा भार देत जा आणि पहिली कळ आली तो आकडा लिहून ठेवा. मग डाव्या हाताचाही घ्या. जमिनीवरच्या पुशअपमध्ये वरच्या स्थितीत दोन्ही हातांवर मिळून शरीराच्या वजनाच्या सुमारे ६९ टक्के आणि खाली गेल्यावर सुमारे ७५ टक्के भार येतो. तुमच्या ५८ किलोला तो ४० ते ४३ किलो, म्हणजे एका हातावर २० ते २२. गुडघे टेकून केले तर एका हातावर १६ ते १८. काट्यावर १० किलोलाच कळ येत असेल तर गुडघे टेकूनसुद्धा सपाट तळव्यावर भार द्यायची वेळ अजून आलेली नाही. हाच काटा दर रविवारी, व्यायामाआधी. आकडा वर सरकला तरच पुढची पायरी.

दुखण्याला ० ते १० गुण द्या. सेट चालू असताना ३ पर्यंत चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मनगट नेहमीसारखं असलं पाहिजे. सकाळी जास्त ठणकत असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं, मग सेट करताना कितीही बरं वाटलेलं असो.

सोबत मनगटाची ताकद वाढवा. हात टेबलावर, पंजा कडेच्या बाहेर, मूठ वळलेली, मनगट सरळ. डाव्या हाताने मुठीच्या पाठीवर खाली दाब द्या आणि उजव्याने तो नुसता अडवा, मनगट हलू द्यायचं नाही. ३० ते ४५ सेकंद, पाच वेळा, एक दिवसाआड. दोन आठवडे नीट गेले की १ किलोचा डंबेल: खालून वर आणायचा, पण सरळ रेषेपर्यंतच, आणि खाली सोडताना तीन सेकंद. १५ चे तीन सेट. सरळ रेषेच्या वर उचलायची घाई केली की गाठ पुन्हा चिमटीत.

तालीम_ते_बारबेल

वरच्यांनी कारण सांगितलं, मी एकेक लिफ्ट घेतो.

बेंच: मनगट मागे पडतं याचं कारण बहुतेकांच्या बाबतीत बार बोटांच्या मुळाशी धरलेला असतो. तो तळव्याच्या खालच्या गादीवर, थेट हाताच्या हाडाच्या रेषेत बसायला हवा. त्यासाठी पकडण्याआधी पंजे किंचित आत वळवा, बार अंगठ्याच्या मुळापासून करंगळीच्या खालच्या मांसल भागाकडे तिरका जाईल असा ठेवा आणि मग मूठ मिटा. शेजारून कोणाला तरी फोटो काढायला सांगा: बार, मनगट आणि कोपर एका उभ्या रेषेत दिसले पाहिजेत. सुरुवात रिकाम्या २० किलोच्या बारने करा आणि ३० वर दोन आठवडे काढा, ४० ची घाई नको. तरीही टोचलं तर डंबेल घ्या, तळवे एकमेकांकडे तोंड करून.

खांद्याच्या प्रेसला हीच पकड. नाहीतर बारचं एक टोक भिंतीच्या कोपऱ्यात टेकवून दुसरं टोक एका हाताने वर ढकला. मनगट आपोआप सरळ राहतं.

फ्रंट स्क्वाट: बोटांवर बार पेलायची पद्धत सध्या पूर्ण बंद. बारला खांद्याच्या रुंदीवर दोन लिफ्टिंग स्ट्रॅप अडकवा आणि त्यांची टोकं अंगठा वर ठेवून धरा. बार खांद्यावरच बसतो, हात फक्त सावरतात. इथं एक चूक हमखास होते. फ्रंट स्क्वाट सोडून लोक गॉब्लेट (वजन छातीशी धरून बैठक) करायला जातात आणि डंबेलची वरची थाळी दोन्ही तळव्यांवर पेलतात. म्हणजे मनगट पुन्हा पूर्ण मागे! गॉब्लेट करायचाच तर केटलबेल दोन्ही बाजूंच्या कडीला धरून करा. मागच्या स्क्वाटला पकड थोडी रुंद, अंगठा बारच्या वरून.

डेडलिफ्ट, रो, पुलअप चालू ठेवा. डेडलिफ्टला स्ट्रॅप वापरत असाल तर त्याचा पट्टा गाठीवरून जाणार नाही असा दोन बोटं वर, कोपराच्या दिशेला सरकवा. सरळ बारचे कर्ल सोडा, हॅमर कर्ल करा, म्हणजे तळवे एकमेकांकडे ठेवून. केटलबेलचे क्लीन आणि स्नॅच नकोत, कारण वळताना बेल नेमकी हाताच्या पाठीवर आपटते. मुद्गल आणि करेला ही तालमीतली फिरवायची वजनंही काही दिवस बाजूला ठेवा. तिथं वजन कमी असलं तरी लांब दांड्यामुळे मनगटाला बसणारा पीळ मोठा असतो.

रॅपबद्दल. १८ किंवा २४ इंची पुरतो. अर्धी रुंदी सांध्याच्या रेषेच्या वर पंजाकडे आणि अर्धी खाली हाताकडे यायला हवी. नुसता हातावर गुंडाळला तर ते कडं झालं, सांध्याला आधार शून्य. गाठीवर थेट दाब बसून दुखत असेल तर जुन्या योगा मॅटचा ५ मिमी जाड तुकडा घ्या, मध्ये गाठीएवढं भोक पाडा आणि तो चकतीसारखा खाली ठेवून वरून रॅप. दोन सेटच्या मधे सोडायचा. बोटं गार किंवा निळसर पडली तर फार आवळला आहे. आणि फक्त जड सेटला. हलक्या सेटलाही रॅप लागत असेल तर पकड चुकतेय किंवा वजन लवकर वाढलंय.

उद्यमनगर_फॅब्रिकेशन

जोरांचं मी सांगतो, कारण पुशअप स्टँड घेताना लोक फसतात.

साध्या पुशअपला शरीर वरखाली होतं. जोरात तसं न्हाई. कंबर वर, मग छाती हातांमधनं पुढं काढायची, म्हणजे खांदे हाताच्या पुढं जातात. सपाट तळव्यावर त्या क्षणी मनगट काटकोनाच्याही पलीकडं मुडपतं. म्हणून तुमच्या गाठीला सगळ्यात वाईट व्यायाम हाच. स्टँडवर मूठ धरली की मनगट सरळ राहतं, पण बाजारातलं हलकं प्लॅस्टिकचं स्टँड जोराच्या पुढच्या धक्क्याला कलंडतं.

करून घ्यायचं तर असं: पकडायला १ इंची पाइप (बाहेरून सुमारे ३३ मिमी), लांबी ६ इंच. पाऊण इंची घेऊ नका, तळव्यात रुततो. जमिनीपासून उंची ४ इंच, त्यापेक्षा उंच नको. खालचे दोन पाय मात्र एकमेकांपासून १० इंचांवर, म्हणजे बाजूनं बघितलं तर वर अरुंद, खाली रुंद. प्रत्येक पायाला आडवी ८ इंची पट्टी, तिच्या दोन्ही टोकांना रबर बूट. वेल्डिंगचे थेंब ग्राइंडरनं साफ करून घ्या, न्हाईतर हात फाटतोय. पाइपावर सुती नाडी घट्ट गुंडाळा, घामानं घसरत न्हाई.

स्टँड ठेवताना दांडी अंगाच्या दिशेला समांतर. आडवी ठेवली की मनगट परत मागं मुडपतं, मग स्टँडचा उपयोग काय? आणि समांतर ठेवली तरी फार पुढं गेलं की मनगट अंगठ्याच्या बाजूला दबतंय. तेव्हा सुरुवातीला खांदे मुठीच्या वर आले की थांबा, तिथनंच मागं या. पूर्ण जोर नंतर. षटकोनी डंबेलची जोडी असेल तर तीही चालते की. गोल डंबेल मात्र अजिबात नको, जोर मारताना गडगडतात.

शल्य_ओपीडी

दाबून फोडण्याबद्दल स्पष्ट लिहितो. पूर्वी जाड पुस्तक आपटून गाठ फोडत. पिशवी फुटते, रस आजूबाजूला पसरतो, चार दिवस गाठ दिसत नाही. पण देठ आणि मूळ जागच्या जागी असतात, म्हणून ती पुन्हा भरते. मधल्यामधे हाड मोडण्याचा आणि स्नायूबंध दुखावण्याचा धोका. नाणं ठेवून घट्ट बांधल्याने कातडी सोलते. बिब्ब्याचा डाग तर कधीच देऊ नका. भाजून जखम होते, व्रण राहतो, आणि पुढे शस्त्रक्रिया करायची म्हटली तर तीच कातडी आडवी येते. घरी सुई टोचून सांध्यात जंतू गेले तर मनगटाचं कायमचं नुकसान होऊ शकतं.

अशा गाठींपैकी जवळपास निम्म्या काही न करता जातात, पण त्याला महिने किंवा काही वर्षं लागू शकतात. सुईने रस काढला तर आराम लगेच पडतो. रस घट्ट म्हणून सुईही जाड लागते. मात्र निम्म्या किंवा त्याहून जास्त रुग्णांत गाठ परत येते. शस्त्रक्रियेत देठ आणि मुळाचा भाग काढतात, त्यामुळे परत येण्याचं प्रमाण बरंच कमी. पण टाके १० ते १४ दिवस, मनगट काही काळ आखडतं, आणि जड वजनाला परतायला साधारण ६ ते १२ आठवडे. स्पर्धेची तारीख जवळ असेल तर हा हिशोब आधी करा. टाके निघून जखम पूर्ण भरेपर्यंत आखाड्याच्या मातीत हात घालू नका. तिच्यात ताक-तेल-हळद कालवलेली असली तरी ती निर्जंतुक नसते.

गाठ तळहाताच्या बाजूला, नाडी बघतो त्या जागी असेल तर वेगळी काळजी हवी. तिथं रक्तवाहिनी गाठीला चिकटून असू शकते. गाठ नाडीबरोबर उडत असेल तर सुई लावण्याआधी सोनोग्राफी हवीच.

बोटांना मुंग्या, पकड सुटणं, गाठ पटापट वाढणं, लाल आणि गरम होणं, रात्री दुखून जाग येणं, दगडासारखी कडक लागणं: यातलं काहीही दिसलं तर कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी रुग्णालयाच्या किंवा तुमच्या नेहमीच्या अस्थिरोग ओपीडीत दाखवा. आपल्याकडे आणखी एक लक्षात ठेवावं लागतं. तळहात आणि मनगट अशी दोन्हीकडे सूज, आणि एकीकडे दाबलं की दुसरीकडे फुगते, तर ते साधं गँगलियन नसून क्षयाची सूज असू शकते. हातावर पडल्यानंतर मनगटात टक्-टक् होत असेल तर अस्थिबंध फाटला आहे का तेही बघावं लागतं, त्यासाठी मूठ आवळून वेगळा एक्स-रे घेतात.

राजारामपुरी_लिफ्टर

सगळ्यांचे आभार. काट्याचे आकडे घेतले: डावा २१ ला न दुखता, उजव्याला ९ किलोला पहिली कळ. बारची पकड बदलून ३० किलोचा बेंच केला, दुखणं १. आता जोरांना कुठून सुरुवात करू?

हात_खांदा_फिजिओ

९ म्हणजे सपाट तळव्यावर सध्या फक्त भिंतीचे पुशअप. भिंतीपासून दोन फूट, १५ चे तीन सेट, आठवड्यात तीन दिवस. काटा १२ वर गेला की ओट्यावर, १६ वर गेला की पलंगाच्या लाकडी कडेवर, आणि २२ न दुखता जमले की जमिनीवर. प्रत्येक पायरीवर किमान एक आठवडा.

जोर मात्र स्टँडवर आजपासूनच चालतील, कारण तिथं मनगट सरळ आहे. पहिल्या आठवड्यात ८ चे तीन सेट, खांदे मुठीच्या पुढे न नेता. दुसऱ्या दिवशीची सकाळ ठीक असेल तर दर आठवड्याला सेटमागे दोन वाढवा. १६ वर पोहोचलात की पुढे सरकायला लागा, एका वेळी चार बोटं. सपाट तळव्यावरचे जोर सगळ्यात शेवटी, जमिनीवरचे पुशअप दोन आठवडे बिनत्रासाचे गेल्यावर.