संडे बाडा यांचे सुवर्णपदक नेमके कोणत्या वर्षाचे?

प्रश्न: नायजेरियाचे धावपटू संडे बाडा यांच्या नावावर सिडनी ऑलिंपिकमधील 4×400 मीटर रिलेचे कुठे रौप्य, तर कुठे सुवर्णपदक आढळते. यांतील खरे कोणते?

उत्तर 1: दोन्ही नोंदी आपापल्या काळापुरत्या खऱ्या आहेत. 2000 साली क्लेमंट चुकू, ज्यूड मोन्ये, संडे बाडा आणि एनेफिओक उदो-ओबाँग हे 2 मिनिटे 58.68 सेकंदांत अमेरिकेच्या मागे दुसरे आले. पुढे अमेरिकी संघातील अँटोनियो पेटिग्रू यांनी उत्तेजक द्रव्ये घेतल्याची कबुली दिल्यामुळे 2008 मध्ये त्या संघाचे पदक काढून घेण्यात आले आणि 2012 मध्ये सुवर्णपदक नायजेरियाकडे आले. मात्र बाडा डिसेंबर 2011 मध्येच, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी वारले होते. हे वाचताना आजही जीव हळहळतो.

उत्तर 2: त्यांची ओळख केवळ रिलेपुरती राहू नये, असे मला मनापासून वाटते. इनडोअर जागतिक स्पर्धेत 400 मीटरमध्ये 1993 आणि 1995 साली रौप्यपदकावर थांबल्यानंतर 1997 मध्ये पॅरिसला त्यांनी 45.51 सेकंदांत सुवर्ण जिंकले. इनडोअर म्हणजे छताखालच्या स्पर्धेत धावपट्टी 200 मीटरची असते, म्हणून 400 मीटरला दोन फेऱ्या होतात. पहिल्या फेरीतील दोन वळणे ओलांडली की सारे धावपटू आतल्या कडेला झेपावतात आणि त्या रेटारेटीत मागे पडलेल्याला पुढे निघणे फार जड जाते.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. माझ्या टिपणवहीत आता पदकापुढे 2000 आणि 2012 ही दोन्ही वर्षे लिहितो.